कंडक्टरची गादी: तीन तारे, तेही उसवून शिवल्यावर

कंडक्टर हे आमच्या कुत्र्याचं नाव. मी एसटीच्या हिशेब विभागात ३१ वर्षं काढली. २०११ च्या ऑगस्टमध्ये आगाराच्या वर्कशॉपमध्ये, उभ्या बसखाली, ऑइलने माखलेलं हे पिल्लू सापडलं. घरी आणल्यावर आठ दिवसांत त्याने फाटकाचा ताबा घेतला. येणाऱ्याजाणाऱ्याला तपासल्याशिवाय आत सोडायचं नाही, म्हणून कंडक्टर. जात विचाराल तर आगाराची. वजन १९ किलो. या ऑगस्टला चौदा वर्षं पूर्ण झाली.

एवढी ओळख अशासाठी, की ज्या गादीबद्दल लिहितोय ती ‘ज्येष्ठ श्वानांसाठी ऑर्थोपेडिक गादी’ म्हणून ऑनलाइन विकली जाते आणि तिच्याखाली लोकांनी लिहिलेल्या ढीगभर शेऱ्यांत कुत्रं किती वयाचं, त्याला झालंय काय, याचा पत्ता नाही. ‘आमच्या ब्रूनोला फार आवडली!’ ब्रूनो दीड वर्षाचा. दीड वर्षाचं कुत्रं पोत्यावरही झोपतं.

फेब्रुवारीपासून कंडक्टर रात्रीचा चालायला लागला. दिवसभर पंख्याखाली आडवा, आणि दिवेलागण झाली की याची ड्यूटी सुरू. आधी नुसत्या धापा, मग येरझारा. हॉल, स्वयंपाकघर, मागचं दार, परत हॉल. मध्यरात्रीनंतर सगळं घर शांत झालं की फरशीवर नखांचा टिकटिक आवाज, अधूनमधून पाय सटकल्याचा एक लांबट खर्रर्र, आणि पुन्हा टिकटिक. आमची ही म्हणाली, म्हातारपण आहे, चालायचंच. शेजारच्या आक्का म्हणाल्या, “काय तरी दिसतंय बघा त्याला, लिंबू उतरून टाका की.” लिंबूही उतरवून झालं. पुण्याहून लेकीने ही गादी शोधून दिली. पानावर ‘शांत झोपेची खात्री’ असं लिहिलेलं. चार हजार दोनशे नव्याण्णव रुपये. २ मार्चला खोकं आलं.

आता गादीबद्दल. छत्तीस बाय चोवीस इंच, जाडी चार इंच, आणि चारही बाजूंनी सहा इंच उंचीची गुबगुबीत कड. फोटोत ही कड झकास दिसते, कुत्रं तिच्यावर हनुवटी टेकवून स्वप्नं बघतंय वगैरे. कव्हर मखमली, करड्या रंगाचं, चेन लावलेलं. ‘मेमरी फोम’ म्हणून छापलंय. मी कोपर दाबून बघितलं. १९ किलोच्या कुत्र्याचं कमरेचं हाड गादीत रुतून फरशीला टेकणार असेल तर त्या गादीचा उपयोग शून्य. या परीक्षेत ती पास झाली, कोपर खाली लागलं नाही. शिलाई पक्की. वास दोन दिवसांत गेला. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती कुत्रं गादीवर चढायला लागल्यापासून. कमरेने आखडलेल्या कुत्र्याला सहा इंचांची कड म्हणजे एसटीची पहिली पायरी. पुढचे दोन पाय आत जायचे, मागचे बाहेर. तसाच अर्धा आत अर्धा बाहेर तो मिनिटभर उभा राहायचा, माझ्याकडे बघायचा आणि उलटा निघायचा. उचलून ठेवला तर झोपायचा, पण वीस मिनिटांत धापा टाकत उठायचा. सांगलीचा मार्च आणि मखमली कव्हर! हा फोम अंगाची ऊब धरून ठेवतो, माणसाच्या गादीलाही हीच बोंब असते. तिसरी गोष्ट कळली ती पाचव्या रात्री. वरचं कव्हर धुता येतं, पण आत फोमला अस्तर नाही. म्हाताऱ्या कुत्र्याच्या गादीत लघवी जाणार, हे ज्याने म्हातारं कुत्रं पाळलंय त्याला सांगावं लागत नाही. गादी बनवणाऱ्याने पाळलेलं नसावं.

कंपनीला कळवलं. ‘वापरलेला माल परत घेतला जात नाही’ असं उत्तर आलं, खाली हसरा चेहरा.

हिशेबाची खोड जात नाही म्हणून गादी आली त्या दिवसापासून मी जुन्या लॉगशीटच्या कोऱ्या बाजूंची एक वही शिवली. किती वाजता उठला, किती मिनिटं चालला, काय केलं. तीच वही पुढे सगळ्यात कामाची ठरली, म्हणून तिच्यातली एक नोंद जशीच्या तशी देतो.

‘११ मार्च. २.४०. आवाज थांबला म्हणून उठलो. स्वयंपाकघराच्या दारापाशी. दार उघडं आहे, पण हा बिजागरीच्या बाजूला फटीत नाक घालून उभा. दार तिकडून उघडतं असं त्याला वाटतंय. हाक मारली, कान हलला नाही. पाठीला हात लावला तर दचकला. वळवून उघड्या बाजूला आणला. बाहेर गेला, गोदरेजच्या कपाटामागे घुसला, मागे येता येईना. ३.२५ ला झोपला, गादीवर नाही, मोरीजवळ.’

चौदा वर्षं ज्याने त्या दारातून ये-जा केली त्याला दार कुठल्या बाजूने उघडतं ते आठवेना. मी तिथेच पाटावर बसलो.

तरी अक्कल आली नव्हती. १४ मार्चला आणखी एक ऑर्डर गेली: कुत्र्यांना शांत करणाऱ्या चघळण्याच्या वड्या, डबीत तीस. कॅमोमाइल, एल-थिअनिन, असलं काहीबाही त्यात होतं. कंडक्टरने आनंदाने खाल्ल्या, एकीच्या जागी चार दिल्या असत्या तरी खाल्ल्या असत्या. वहीत दहा रात्रींत काडीचा फरक नाही. एक तारा देतो, तो चवीबद्दल.

मग झाला तो घोटाळा आमच्या घरचाच. हिला वाटलं याची कंबर दुखते (हे तिचं बरोबर निघालं), म्हणून तिने गुडघ्याला लावायचं स्वतःचं मलम त्याच्या कमरेवर चोळलं. डायक्लोफेनॅकचं. कुत्रं अंगाला लावलेलं चाटतं. दुसऱ्या दिवशी दोन उलट्या, भाकरीला तोंड लावेना. गिधाडं संपली ती ज्या औषधामुळे आणि २००६ साली जनावरांसाठी ज्याच्यावर आपल्याकडे बंदी आली, ते हेच औषध, हे मला पेपरात वाचून माहीत होतं. पण घरातल्या ट्यूबवर तेच नाव आहे हे डोक्यात शिरलं नव्हतं. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला हे बाधतं. आयबुप्रोफेन तसंच, आणि पॅरासिटामॉलही अंदाजाने द्यायची गोष्ट नव्हे. कंडक्टर वाचला, कारण मलम थोडं होतं. आणि या घोटाळ्यापायी आम्ही एकदाचं डॉक्टर बोलावलं, जे महिन्यापूर्वी करायला हवं होतं.

तेव्हा हे परीक्षण खरं तर त्या डॉक्टरबाईंच्या भेटीचंही आहे. तरुण मुलगी, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेली, दिवसभर मिरज तालुक्यातल्या म्हशी आणि एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई बघून संध्याकाळी घरी येते. फी सहाशे. आल्या आल्या तिने कुत्र्याला हात लावला नाही. “काका, रात्रीचा व्हिडिओ आहे?” व्हिडिओ नव्हता, वही होती. ती वही तिने चहा गार होईपर्यंत वाचली. मग म्हणाली, “याला चालू द्या, मी बघते.” आणि फरशीवर बसून पाच मिनिटं नुसती बघत राहिली.

तिने जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. म्हातारं कुत्रं रात्री फिरतं याला ‘वय’ हे उत्तर नाही. वय हा खात्याचा मथळा झाला, त्याच्याखाली बाबी वेगवेगळ्या असतात. दुखणं ही पहिली. सांधे, पाठीचा कणा, नाहीतर किडलेला दात. दिवसा घरात वर्दळ असते, लक्ष दुसरीकडे जातं. रात्री दुखणं आणि कुत्रं दोघंच उरतात. दुसरं, लघवीचा संसर्ग किंवा मूत्रपिंड. वारंवार तहान, वारंवार लघवी, मग झोप कुठली? तिसरं, हृदय. आडवं पडलं की श्वास कोंडतो, म्हणून उठून बसतं, खोकतं. शिवाय थायरॉइड, कुशिंग नावाचा संप्रेरकांचा आजार, रक्तदाब. मग डोळे आणि कान. आणि हे सगळं तपासून झाल्यावर मेंदू.

डोळ्यात बॅटरी मारून तिने आधी माझा एक गैरसमज काढला. कंडक्टरच्या बुबुळावर निळसर झाक आली होती, मी ती मोतीबिंदू समजत होतो. तो मोतीबिंदू नव्हे. वयाने डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं, त्याची ती झाक. दिसतं, पण अंधुक उजेडात कमी दिसतं. कान जवळपास गेलेले. कमरेवर अंगठा टेकवत ती मणक्याने मागे मागे गेली आणि एका जागी कंडक्टरने मान वळवून तिच्या हाताकडे बघितलं. गुरगुरला नाही, चावला नाही, ओरडला नाही. नुसतं बघितलं. “हेच त्याचं ‘आई गं’,” ती म्हणाली. दीड महिना तो घरात तेच म्हणत फिरत होता आणि मी मिनिटं मोजत होतो.

रक्त, लघवी तपासायला दिली. मूत्रपिंडाचा रिपोर्ट आल्याशिवाय दुखण्याची गोळी द्यायची नाही, यावर ती ठाम होती. मलमाच्या प्रकारानंतर आम्हीही वाद घातला नाही.

जाता जाता तिने विचारलं, “ही फरशी कधी घातली?”

२०१९ चा सांगलीचा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. गावभागात आमच्या खालच्या मजल्यावर पुरुषभर पाणी होतं. आम्ही विश्रामबागला मेहुण्यांकडे नऊ दिवस होतो. तिथल्या गॅलरीत अनोळखी माणसांच्या गर्दीत हा पठ्ठ्या आठ वर्षांचा असताना निवांत घोरत होता. परत आलो तर फरशी जागोजागी खचलेली, सांध्यांत गाळ. आजोबांच्या वेळची शहाबादी होती ती, खरखरीत, कुत्र्याच्या पायाला धरणारी. ती उखडून आम्ही चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स घातल्या. पुसायला सोप्या, आरशासारख्या. सुरुवातीला कंडक्टर त्यावरून घसरायचा तेव्हा आम्ही हसायचो, त्यालाही खेळ वाटायचा. आता मागच्या पायांत जोर नाही, आणि दर चार पावलांना घसरू नये म्हणून तो नखं रोवून, अंग ताठ करून चालतो. ताठ अंगाने चाललं की कंबर आणखी दुखते. कंबर दुखली की बसताना भीती, बसला की उठायची भीती, म्हणून बसतच नाही. फिरत राहतो. फरशीवरचा तो लांबट खर्रर्र वहीत चाळीस वेळा लिहिलेला होता आणि मी त्याचा अर्थ एकदाही लावला नव्हता.

उपाय साडेबाराशे रुपयांत झाला. गणपती पेठेतून पाच योगा मॅट आणल्या. सगळ्यात स्वस्त घ्यायच्या नाहीत, त्या पातळ असतात आणि स्वतःच सरकतात. उभ्या मधोमध कापून हॉल ते पाणी, पाणी ते मागचं दार, मागचं दार ते गादी असा रूट टाकला. हो, रूटच. पहिल्या दिवशी त्याने वास घेतला, एक पाय ठेवला, काढला, परत ठेवला. तिसऱ्या दिवशी हे महाशय मॅट सोडून पाऊल टाकेनात. सतरंजी किंवा पायपुसणं वापरू नका, टाइल्सवर तेच आधी पळतं. नखंही कापून घेतली आणि पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केस काढले. हे आम्हाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मॅटना पाच तारे. दिसायला घर व्यायामशाळेसारखं झालंय, पाहुणे विचारतात.

रिपोर्ट बरे आले. कुत्र्यांसाठीची दुखण्याची गोळी सुरू झाली, रात्री जोडीला गॅबापेंटिन, नसांच्या दुखण्यावरचं औषध. तिने आवर्जून सांगितलं, की माणसांच्या दुकानातून याचं पातळ औषध आणू नका, काहींत गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं आणि ते कुत्र्याला विष. आठवड्याभरात धापा थांबल्या. एप्रिलअखेर वहीतली रात्रीच्या चालण्याची सरासरी तीन तास दहा मिनिटांवरून सव्वा तासावर आली होती.

तो उरलेला सवा तास मात्र हटेना. धापा नाहीत, घसरणं नाही, पण कपाटामागे अडकणं, भिंतीकडे तोंड करून उभं राहणं, हीच गेटातून आत आली तर तिच्यावर भुंकणं. हा मेंदूचा भाग. माणसाच्या स्मृतिभ्रंशात मेंदूत जे अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, तेच म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही साचतं. दिवस-रात्रीचं घड्याळ उलटं होतं, ओळखीची जागा अनोळखी वाटते, लघवीला बाहेर जायची शिस्त विसरते. हे काही जगावेगळं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी १८० म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मालकांना विचारून २००१ साली आकडे छापले: अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांत २८ टक्क्यांना यातलं किमान एक लक्षण होतं, पंधरा-सोळा वर्षांच्या कुत्र्यांत ६८ टक्क्यांना. म्हणजे तुमचं कुत्रं जितकं जगवाल तितकं हे खातं उघडण्याची शक्यता जास्त.

यावर सेलेजिलिन नावाची गोळी आहे. माणसांच्या पार्किन्सनला देतात तीच. अमेरिकेत १९९८ पासून कुत्र्यांच्या या विकारासाठी तिला मान्यता आहे. आम्ही १ मेपासून सुरू केली. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर धीर धरायचा. ती दुसऱ्या काही औषधांबरोबर चालत नाही, तेव्हा नेटवर वाचून केमिस्टकडे धावू नका. कंडक्टरला जूनच्या मध्यावर फरक दिसला. बरा झाला असं म्हणणार नाही, हे बरं होणारं दुखणं नाही. पण हिच्यावर भुंकणं थांबलं, आणि एका सकाळी पेपरवाल्याला त्याने पूर्वीसारखं अडवून तपासलं. पेपरवाला खूश. महिनाभर तो बिनतिकीट येत होता.

बाकी बदल फुकटातले. झीरोचा बल्ब रात्रभर चालू. कपाटामागची फट ट्रंक लावून बंद. पाण्याचं भांडं, गादी, दार, कशाचीच जागा हलवायची नाही, दिवाळीची साफसफाई असली तरी. सकाळी साडेसातच्या उन्हात वीस मिनिटं, पळवायचं नाही, त्याला पाहिजे तेवढा वास घेऊ द्यायचा. दुपारी चार वाजता जुन्या टॉवेलच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवून द्यायचे. ते शोधताना डोकं चालतं आणि संध्याकाळचा लांबलचक डुलका टळतो. साडेदहाला शेवटची लघवी. रात्री फिरायला लागला तर रागवायचं नाही. कंडक्टरला ऐकू येत नाही, पण हात लावला की तुमचा राग कळतो.

यात कशाला किती श्रेय हे चोख सांगता येणार नाही. मॅट आणि दुखण्याची गोळी एकाच आठवड्यात आल्या, खाती मिसळली. ऑडिटरने हरकत घेतली असती.

आणि गादी? ती टाकली नाही. चार हजार तीनशे टाकवत नाहीत. गणपती पेठेतल्याच गादीवाल्याकडे नेली. त्याने चेन उघडून फोमचा कोपरा चिमटीत धरला आणि म्हणाला, “काका, वरचा एक इंच मेमरी, खालचा तीन इंच साधा. पण साधा माल बरा घातलाय.” पुढच्या बाजूची कड उसवून काढली, फोमला रेक्झिनचं अस्तर घातलं, मखमलीवर मांजरपाटाचा खोळ शिवला, बदलायला दुसरा जोड दिला. साडेतीनशे रुपये. आता कंडक्टर सरळ चालत आत जातो, गोल फिरतो, एक मोठा सुस्कारा टाकतो आणि पाय सोडून झोपतो. जुलैमध्ये वहीत अशा सलग अकरा रात्री आहेत ज्यांत तो एकदाच उठला.

म्हणून तीन तारे. फोम चांगला, शिलाई चांगली, पण कडेचा एक तारा कापला आणि अस्तराचा एक. घ्यायची असेल तर पुढून मोकळी, सपाट गादी घ्या, कुत्रं पाय ताणून झोपलेलं असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत टेपने मापा, वर चार-सहा इंच धरा. आणि मागवायच्या आधी डॉक्टरला सहाशे रुपये द्या.

काढलेली कड वाया गेलेली नाही. दुपारी आरामखुर्चीत पेपर वाचताना मी ती मानेखाली घेतो. ज्येष्ठांसाठी उत्तम. तिला पाच तारे.